मागच्या बाकावरची तुझी जागा

ये इकडं, सुशे. अशी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस. पदर सावर, आणि मी बोलत असताना मध्ये हसू नकोस, कारण आधी मला तुला रागवायचंय. असं कुणी जातं होय? तारीख तोंडावर आलेली, बबनचा उलटतपास व्हायचा राहिलेला, वकीलबाईंनी त्याला विचारायचे प्रश्न काढून ठेवलेले, आणि जिनं एवढी वर्षं त्या दिवसाची वाट बघितली ती बाई दिवस यायच्या आत उठून गेली. एसटी यायच्या कितीतरी आधी फाट्यावर जाऊन उभी राहणारी तू. कुठं उशिरा पोचली नाहीस कधी. पण इतकं लवकर निघायला तुला सांगितलं कुणी?

लोकं येतात, बसतात, "सुशीबाई लई मायाळू व्हती" म्हणतात, चहा पिऊन जातात. मी मान हलवते. पण तुला म्हणून सांगते, मला अजून नीट रडता आलेलं नाही. मला राग आलाय. रडलं की माझे हातपाय गळतात, आणि हातपाय गळून मला सध्या चालणार नाही. रागावर माझं बरं चाललंय. भूक लागते, झोप लागते, बाजरीची राखण होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अक्का, राग गिळ आन पाणी पी." पाणी पिते मी. राग नाही गिळत.

तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगते, कारण मला ते मोठ्यानं म्हणायचंय. येडगावला कालव्याखालची आपल्या वडलांची जमीन. आपण तिघं. मी थोरली, मग बबन, मग तू शेंडेफळ. मला ओतूरजवळ दिलं, तुला पार तळेघरला, तिथल्या शाळेतल्या गुरुजींना. वडील गेले तेव्हा आपण दोघी रडत होतो, आणि बबन जाऊन वारसाची नोंद करून आला. वारस कोण, तर एकटा तोच. आणखी कोणी, बहिणी वगैरे आहेत का, असं विचारलं तर नाही म्हणाला. आपल्याला कळलं ते कितीतरी वर्षांनी, तू सहज म्हणून सातबारा काढलास तेव्हा. तो कागद तू माझ्या मांडीवर ठेवलास. मी शाळेची पायरी चढलेली नाही, किराणाच्या पुड्यांचे कागद लावून लावून वाचायला शिकले, त्यामुळं मला अक्षराला अक्षर जोडत जावं लागतं. मी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "सुशे, आपण कुठं हाय ह्याच्यात?"

तू म्हणालीस, "आपण जन्मलोच न्हाई, अक्का."

आणि हसलीस. त्या हसण्याचा मला तेव्हाही राग आला होता.

तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते काही मिटलं नाही. मला जमीन हवी होती. बबनच्या तोंडातून काढून घ्यायची होती. तुला फक्त नाव हवं होतं. "माती नको मला, तळेघरला भात पिकतोय तेवढा बास हाय. माझं नाव तिथं लिहिलेलं दिसलं पायजे." मी म्हणायची, नावावर काय बी पेरता येतं का? तू म्हणायचीस, पेरू नको, वाच तरी. दावा मात्र दोघींनी मिळून टाकला. आणि भांडत भांडत, एकाच बाकावर बसून, प्रत्येक तारखेला गेलो.

दावा टाकला त्या आठवड्यातच बबननं गावभर सांगितलं, "माझा राजू अमेरिकेत अॅटर्नी हाय. ह्यांची जुन्नरची वकीलबाई त्याच्यापुढं किस झाडाचा पाला." गावानं तो शब्द उचलला. पारावर कुणी म्हणालं, अॅटर्नी वकिलाच्या वर असतो. कुणी म्हणालं, जजाच्या खालोखाल असतो. ओतूरच्या बाजारात एका बाईनं मला कानात सांगितलं, "अक्का, मिटवून टाका, ते अॅटर्नी म्हंजे लई मोठं प्रकरण असतंय." खरं सांगते, मी घाबरले. पोरगं माझ्या अंगाखांद्यावर खेळलेलं, पण त्या शब्दाच्या मागं ते एकदम डोंगराएवढं दिसायला लागलं.

तू घाबरली नाहीस. तू वैशूला फोन लावलास. तुझी वैशू इंग्लंडात वकील, तिला तिथं सॉलिसिटर म्हणतात. मग उन्हाळ्यात मसाला करायला माझ्याकडं आलीस तेव्हा मिरच्यांची देठं खुडता खुडता मला सगळं समजावलंस. ती दुपार माझ्या डोळ्यांपुढं आहे. आपल्या दोघींचे डोळे मिरचीनं लाल, नाकाला पदर.

"अक्का, वैशू ऱ्हाती तिथं वकील दोन तऱ्हेचे. सॉलिसिटर जो हाय, तो लोकांशी बोलतो, कागद करतो, सगळं तयार करून देतो. आन दुसरा बॅरिस्टर. तो केसांचा टोप घालून जजापुढं उभा ऱ्हातो."

"टोप कशाला? टकलं असत्यात?"

"रीत हाय तशी. तू ऐक की. म्हंजे एक बाई मसाला वाटणारी, आन दुसरी पंगतीत वाढणारी."

"आन अमेरिकेत?"

"तिथं एकच बाई वाटती बी आन वाढती बी. तिला अॅटर्नी म्हणायचं. लॉयर बी म्हणत्यात. आपल्याकडं बी तसंच, वाटणारी-वाढणारी एकच. फकस्त आपण पाटीवर अॅडव्होकेट लिवतो."

"म्हंजे बबनचा राजू..."

"वकील. कोर्टाबाहेर टपरीवर काळा कोट घालून च्या पित्यात ना, तसाच. फकस्त लांबचा."

"आन जेवतं कोण गं ह्यांच्या पंगतीत?"

"पक्षकार सोडून समदे."

हसून हसून ठसका लागला आपल्याला. सून पाणी घेऊन धावत आली, तिला वाटलं मिरची लागली.

त्या शब्दांचा तुला नादच लागला. वैशूचा फोन आला की पोरगी काय जेवली ते विचारायच्या आधी तू वकिलांची चौकशी करायचीस. स्कॉटलंड म्हणून त्यांच्या शेजारीच मुलूख आहे, तिथंही अॅडव्होकेट म्हणतात, पण तिथं तो फक्त वाढणारा. वैशूच्या ऑफिसातली आफ्रिकेची पोरगी सांगायची की त्यांच्याकडं अॅटर्नी म्हणजे वाटणारा आणि अॅडव्होकेट म्हणजे वाढणारा. कॅनडात म्हणे एकाच माणसाच्या पाटीवर सॉलिसिटर आणि बॅरिस्टर दोन्ही लिहितात. आणि वडलांच्या ट्रंकेतल्या जुन्या कागदांवर तर प्लीडरच लिहिलेलं होतं. मी म्हणायची, बाई, वकील तो वकील, तुला कशाला पायजेत ह्या उठाठेवी? तू मला एकदा तोडून बोललीस. "अक्का, बबनदादानं आपल्याला राजूचं भ्या घातलं न्हाई, त्या शब्दाचं घातलं. शब्द सोलला की आत आपलाच राजू निघला का न्हाई?"

निघाला. आणि कसा निघाला ते आठवलं की अजून माझ्या जिवाला थंडावा मिळतो.

दिवाळीच्या आधीची तारीख होती. तू नेहमीसारखी ती जांभळी, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची साडी नेसून आली होतीस. तिला आपण तारखेची साडी म्हणायचो. लग्नाला, बारशाला ती कधी नेसली नाहीस. घरी गेलीस की धुऊन, घडी घालून, पुढच्या तारखेपर्यंत ठेवून द्यायचीस. पहाटे तळेघरहून फाट्यापर्यंत पायी, मग एसटी, आणि पिशवीत फडक्यात बांधलेल्या नाचणीच्या भाकरी. आपण आपल्या बाकावर बसलो, सगळ्यात मागच्या. तू भिंतीकडं, मी कडेला. आणि राजू आला. सुट्टीवर आलेला. काळा सूट, गुळगुळीत बूट, हातात चामड्याची बॅग. बबन त्याच्यामागून छाती काढून. राजू सरळ पुढं गेला आणि वकिलांच्या खुर्चीत बसला. बबननं मागं वळून आपल्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरलेले नाही, विसरणार नाही.

जजसाहेब वर बघून म्हणाले, "आपण कोण?"

राजू उभा राहून इंग्रजीत काहीतरी बोलला. त्यातलं अॅटर्नी आणि न्यूजर्सी एवढं मला कळलं.

जजसाहेब मराठीत म्हणाले, "इथली सनद आहे का?"

"इथली नाही, पण..."

"मग पक्षकारांच्या बरोबर मागं बसा."

एवढंच. ना चिडले, ना हसले. पुढचा कागद हातात घेतला. राजू मागं वळला. सगळे बाक भरलेले. रिकामी जागा एकच, तुझ्या-माझ्या बाकावर. मी तर पाय पसरून बसायच्या बेतात होते. पण तू सरकलीस आणि हातानं बाक थोपटून म्हणालीस, "ये राजू, बस. काय खाल्लंस का सकाळधरनं?"

पोरगं आपल्या मध्ये येऊन बसलं. सूट घातलेलं, कान लाल झालेलं. तू फडकं सोडलंस आणि अर्धी भाकरी त्याच्या हातात दिलीस. आणि त्यानं ती खाल्ली, सुशे, भुकेलं होतं. थोड्या वेळानं हळूच तुला म्हणाला, "आत्या, मी तिकडं कोर्टात कधी जातच नाही. लोकांच्या घरांच्या खरेदीचे कागद करतो."

तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "अक्का, वाटणारा हाय गं."

मला हसू आवरेना. कोर्टातल्या शिपायानं आपल्याला दम दिला. बबन पुढं मान खाली घालून बसलेला. परत जाताना मी तुझ्यावर चिडले होते. मी म्हणाले, "भाकरी कशाला दिलीस? शत्रूचं पोर ते." तू म्हणालीस, "शत्रूचं कसलं, बबनदादाचं." मी म्हणाले, तेच. तू म्हणालीस, तेच न्हाई. जुन्नरच्या स्टँडवर आपण तुझी एसटी लागेपर्यंत त्याच्यावर भांडलो, आणि तू खिडकीतून हात हलवत निघून गेलीस.

त्याच बाकावर तू मला एकदा विचारलं होतंस, "अक्का, मी आधी गेले तर दादा माहेरची साडी आणील का गं?" बाई मेली की अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, भावानं आणलेलं. आपल्या आईला तिच्या भावानं आणलेलं आपण दोघींनी नेसवलं होतं. मी म्हणाले, "आणू दे. मी परत पाठवीन." तू म्हणालीस, "नको पाठवू." मी म्हणाले, "पाठवीन." पुढं आपला पुकारा झाला आणि बोलणं तिथंच राहिलं.

मग तू आजारी पडलीस. दवाखान्यात बबन आला, तो तुला बघायला आला असं मला क्षणभर वाटलं, मी खुर्ची मोकळी करून दिली. एका हातात कागद, दुसऱ्या हातात ओतूरच्या शेठच्या दुकानाची पिशवी. कागदावर लिहिलेलं की आम्ही बहिणी दावा काढून घेतो, हक्क सोडतो. आता सही करायच्या वेळी त्याला बहिणी आठवल्या. पिशवीत साडी. आपल्या भागात हक्क सोडणाऱ्या बहिणीला भाऊ साडी-चोळी करतो, ती. त्यानं पिशवीतून अर्धी बाहेर काढून दाखवली. मोरपंखी, जरीच्या काठाची. "सुशे, तुझ्यासाठी आणली. आता वैर ठिवून काय करायचं? सही कर, आन नेस."

तू हात पांघरुणाखालून काढला नाहीस. म्हणालीस, "दादा, पेन धराया बळ न्हाई. पाणी पी, दमला असशील."

त्यानं कागदाची घडी केली. मग साडी परत पिशवीत कोंबली, पिशवीच्या बंदांची गाठ मारली, माझ्यासमोर, आणि गेला. ती साडी ठेवून सुद्धा गेला नाही, सुशे. सही नाही तर साडी नाही. दार लागलं, आणि तू डोळे मिटून म्हणालीस, "साडी बरी व्हती गं."

एवढंच बोललीस. मी विचारणार होते, म्हणजे काय? थट्टा केलीस, का तुला खरंच हवी होती? पण नर्स आली, मग तुला झोप लागली, आणि मग ते विचारायचं राहिलंच.

तू गेलीस तेव्हा मी तळेघरला माहेरच्यांत सगळ्यांच्या आधी पोचले. गावातल्या बायका तुला न्हाऊ घालत होत्या. बबनची गाडी आली. तो उतरला आणि हातात तीच पिशवी. शेठच्या दुकानाची, वर तीच गाठ, माझ्यासमोर मारलेली. सुशे, त्यानं तुझ्यासाठी वेगळी साडीसुद्धा आणली नव्हती. सही घ्यायला आणलेली होती तीच आता सरणावर चढवायला आणली होती. दारातल्या एका म्हातारीनं पिशवीत डोकावून म्हटलं सुद्धा, "गुरुजी गेलेली बाई, तिला अशी झगमगीत?" तिला काय माहीत.

मी उंबऱ्यात उभी राहिले. आडवी. मी काय बोलले ते तुला ऐकायला मिळालं की नाही कुणास ठाऊक, म्हणून सांगते.

"बबन, साडी कुणाला आणली?"

"अक्का, मढं दारात हाय. आता तरी..."

"तेच इचारते. मढं कुणाचं हाय?"

"हे काय इचारणं झालं?"

"तू सरकारी माणसाला सांगून आलास, मला बहिणी न्हाईत. मग ही कोण हाय तुझी? नातं सांग आन आत ये. समद्यांच्या म्होरं सांग."

अंगणात पुरुषमाणसं बसली होती. एकानंही मान वर केली नाही. मी वाट बघितली. देवाशपथ वाट बघितली. "माझी बहीण" एवढं म्हणाला असता तर मी बाजूला झाले असते, ती साडी माझ्या हातानं तुला नेसवली असती, तीच असली तरी. त्यानं माझ्यावरनं नजर काढून अंगणातल्या माणसांकडं बघितलं. म्हणावं तर तोंड अडकतंय, कारण महिन्याभरात कोर्टात उभं राहायचंय आणि इथं चार माणसं ऐकतायत. मेलेल्या बहिणीच्या दारात उभा राहून त्यानं दाव्याचा हिशेब केला. मग पिशवी ओट्यावर ठेवली आणि पुरुषांच्यात जाऊन बसला.

वकिलाला जगभर किती नावं, सुशे. तूच मला मोजून दाखवायचीस. आणि ह्याला आपल्यासाठी एक शब्द निघेना.

तू तारखेच्या साडीत गेलीस. जांभळी, ठिपक्यांची. मीच पेटीतून काढली, मीच नेसवली. निऱ्या नीट आल्या. बायका म्हणाल्या, माहेरचं वस्त्र नको का? मी म्हणाले, मी माहेरचीच हाय. ही साडी माझ्या हातानं आली, झालं माहेरचं. तू माझ्यावर चिडली असशील तर चीड. मी चुकले असं मला अजून वाटत नाही.

आता पुढचं ऐक, ह्यात तुला मजा येईल.

बबननं दहाव्याच्या आधीच गावात बोलून दाखवलं, "सुशी गेली, तिच्या बाजूची केस बी गेली. पोरगी बसलीय इंग्लंडात, ती काय येती." वैशू तिसऱ्या दिवशी पोचली होती. तिला तुझं तोंड बघायला मिळालं नाही. ती तुझ्या पलंगावर बसून होती. मी तिला बबनचं बोलणं सांगितलं. ती उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "मावशी, चला जुन्नरला."

वकीलबाईंकडं गेलो. वैशूनं विचारलं, मला कोर्टात बोलता येईल का? वकीलबाई म्हणाल्या, "वकील म्हणून नाही येणार. तुमची सनद तिकडची." वैशू म्हणाली, "माहीत आहे. आईनं मला राजूची गोष्ट दहा वेळा सांगितलीय." वकीलबाई हसल्या. "पण वारस म्हणून तुम्ही आईच्या जागी याल. आईच्या जागी बसा. कोणी उठवणार नाही." अर्ज केला. तुझ्या ठिकाणी तुझी वैशू. तिकडं सॉलिसिटर आहे, इथं मागच्या बाकावर बसणार. ती कामावर परत गेलीय, पण तारखेला येतेय, तिकीट काढलंय. आणि तुला जे हवं होतं ना, त्याचंही तिनं बघितलंय. म्हणाली, "मावशी, हल्ली नावात आईचं नाव लिहितात. मी वैशाली सुशीला लिहिणार." मी ते तिच्याकडून एका कोऱ्या कागदावर लिहून घेतलं आणि अक्षराला अक्षर लावून वाचलं. तुझं नाव वाचताना मला तुझं म्हणणं पहिल्यांदा थोडं पटलं. थोडंच. जमीन मला पाहिजेच आहे.

आणि ती मोरपंखी साडी. बबन ती ओट्यावरच सोडून गेला होता. मी ओतूरला शेठकडं घेऊन गेले. शेठ म्हणजे ते मारवाडी, आजोबांच्या काळात राजस्थानातनं आलेले, पण बोलतात आपल्यासारखंच. पिशवी बघितली आणि हात मागं घेतला. "अक्का, मयताला नेलेलं कापड मी परत घेत नाही."

मी म्हणाले, "मयताला नेली व्हती का ही?"

शेठनी पिशवीत वाकून बघितलं. "न्हाई. भाऊ म्हणाले, बहिणीची सही घ्यायची हाय, तिचे डोळे दिपतील अशी द्या. मीच काढून दिली ही. मला काय ठाऊक ती दवाखान्यात हाय."

"तुमचा काय दोष, शेठ."

"आता काय करणार हिचं?"

"पाखरं हाकलीन," मी म्हणाले. त्यांना वाटलं, म्हातारी दुःखानं बोलतेय.

आपली सडकेकडची बाजरी आता कणसात आलीय. दोन बांबू बांधले, वर मडकं ठेवलं, आणि बुजगावण्याला बबनची साडी नेसवली. निऱ्या काढून, पदर डोक्यावरनं घेऊन, अगदी सासुरवाशिणीसारखी. येडगावहून ओतूरला जाणारा रस्ता तिथूनच जातो, तुला माहीतच आहे. ऊन पडलं की जरीचे काठ लांबून चमकतात. बाजाराच्या दिवशी लोक एसटीतून वाकून बघतात. "बबनरावांची साडी राखण करती," म्हणतात. पहिल्या दिवशी बबननं गाडी हळू केली, बघितलं, आणि मग जी पळवली. आता तो वळसा घालून लांबच्या रस्त्यानं जातो म्हणे. त्याच्या बायकोनं निरोप पाठवला, "अक्का, उतरवा ते, लई नाचक्की व्हती." मी निरोप उलट पाठवला, सुशीच्या हिश्श्यावर वैशूचं नाव चढलं की उतरवीन. तोवर तिला वाऱ्यावर उभं राहू दे, आपण राहिलो तशी.

तू असतीस तर मला म्हणाली असतीस, "अक्का, वाईट दिसतं." मग बांधावर बसून पोट धरून हसली असतीस. आणि जाताना त्या बुजगावण्याचा पदर सारखा करून गेली असतीस.

खरं सांगू, रोज संध्याकाळी मी शेताकडं जाते तेव्हा लांबून मला ते बाईमाणूसच वाटतं. डोक्यावर पदर घेतलेलं, फाट्यावर उभं असलेलं. तुझं ते वाक्य आठवतं. साडी बरी व्हती गं. तुला नेसायची होती का ती? भावानं आणलेली म्हणून, बाकी सगळं विसरून, एकदा तरी? तसं असेल तर मी तुझी साडी पाखरांना घातली. आणि नसेल, तू थट्टा केली असशील, तर माझ्यासारखा सूड तुझ्या वाटचा कुणी घेतला नाही. ह्यातलं कुठलं खरं ते तूच सांगू शकतेस, आणि तूच गेलीस.

एवढी वर्षं मला कोर्टाची भीती कधी वाटली नाही, कारण उजव्या हाताला तू असायचीस. मला नीट वाचता यायचं नाही, तू बोट ठेवून दाखवायचीस. मी कुणावर तरी ओरडले की तू माझा पदर ओढायचीस. तुझ्या नाचणीच्या भाकरीचा वास यायचा त्या बाकाला. त्यासाठी तुला कधी काही म्हणाले नाही मी, भांडतच राहिले. आता म्हणते. तू होतीस म्हणून मी माणसांत राहिले, नाहीतर मी बबनच्या दारावर दगड घेऊन गेले असते.

पुढच्या तारखेला बबन पिंजऱ्यात उभा राहणार आहे. शपथ घेणार आहे. वकीलबाईंनी प्रश्नांचा क्रम लावला होता, कालवा, खाते, नोंदी, असं काय काय. मी त्यांना म्हणाले, बाई, माझं एक ऐका. पहिला प्रश्न माझा विचारा. तुम्हाला बहिणी किती? बाकीचं मग काय ते बघा. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि कागदावर सगळ्यात वर ते लिहिलं.

त्याला तिथं उत्तर द्यावं लागेल, सुशे. नाही म्हणाला तर शपथेवर खोटं बोलला. दोन म्हणाला तर आपण जन्मलो. दोन्हीपैकी काहीही म्हणो, त्याचं तोंड मला बघायचंय. आणि तुझं तोंड बघायचंय ते ऐकताना.

तेवढ्यासाठी ये. वैशू कडेला बसेल, मी मध्ये बसेन, भिंतीकडची जागा तुझी. कुणी बसायला आलं तर माणूस येणार आहे म्हणून सांगीन. भाकरी मी आणते ह्या वेळी, तू मोकळ्या हातानं ये. साडीचं काय ते कानात सांग, मी तिथल्या तिथं ऐकीन, भांडणार नाही. पुकारा सकाळीच होईल, एसटीची वाट बघत बसू नकोस आता. लवकर निघ, आणि ये.